डेंगू एकदा होऊन गेलाय, आता बालीला जायचंय: लस घ्यायची का?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: जानेवारीत घरचे चौघं आठ दिवसांसाठी बालीला निघालेत. सोबत सात वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना बीपी आहे आणि हृदयासाठी ॲस्पिरिनची छोटी गोळी रोज चालू आहे. यजमानांना तीन-चार वर्षांपूर्वी डेंगू झाला होता, त्यामुळे "मला तर झालाय की, आता कसला होतोय" म्हणून ते निर्धास्त आहेत. लंडनच्या नणंदबाई सांगतात, क्यूडेंगा नावाची लस घेतल्याशिवाय जाऊच नका. ट्रॅव्हल एजंटचं म्हणणं, ती तर बालीत उतरल्यावरही मिळते. मग कोणी घ्यायची, कुठे घ्यायची, आणि नाही घेतली तर काय?

मी ग्वाल्हेरातच फिजिशियन आहे. पावसाळा सरता सरता आमच्या ओपीडीत डेंगूशिवाय दुसरं फार काही नसतं, आणि हल्ली परदेशी निघालेली मंडळीही हाच प्रश्न घेऊन येतात. निकाल आधीच सांगून टाकतो: जानेवारीच्या या सहलीसाठी चौघांपैकी कोणीही लशीमागे धावू नये, कारण ती वेळेत पूर्ण होणारच नाही. मुलाची आणि सासूबाईंची काळजी घ्यायची आहेच, पण लशीचा विचार पुढेमागे कोणासाठी करायचाच असेल तर तो सगळ्यात आधी यजमानांसाठी.

हे उलटं वाटतं, म्हणून जरा खोलात जातो. डेंगूचा विषाणू चार प्रकारचा असतो. एका प्रकाराचा ताप येऊन गेला की त्या प्रकाराविरुद्ध बहुधा जन्मभराचं संरक्षण मिळतं. उरलेल्या तिघांविरुद्ध मिळतं ते काही महिन्यांपुरतं. त्यानंतर दुसऱ्या प्रकाराचा विषाणू अंगात शिरला तर जुन्या अँटिबॉडी त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. उलट त्याला पेशींच्या आत जायला मदत करतात. चोराला ओळखीचा समजून फाटक उघडून देणारा पहारेकरी असावा, तसं. दुसऱ्या खेपेचा डेंगूही बहुतेकांचा सरळच जातो, पण तो गंभीर वळण घेण्याची शक्यता पहिल्या खेपेपेक्षा जास्त असते. आणि प्रकार बदलत राहतात हे आपल्या शहराला नवीन नाही. इथल्याच डीआरडीई या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना ग्वाल्हेरच्या २००१च्या साथीत दुसऱ्या क्रमांकाच्या प्रकारचा विषाणू सापडला होता आणि २००३-०४च्या सुमारास तिसऱ्या प्रकारचा. यजमानांना इथे कोणता झाला होता आणि बालीतला डास कोणता देईल, हे सांगण्याची सोय नाही.

आता नणंदबाईंचा सल्ला. तो चुकीचा नाही, अर्धा आहे. ब्रिटनच्या लसीकरण समितीने ही लस सरसकट प्रवाशांना सांगितलेलीच नाही. ज्यांना आधी डेंगू होऊन गेलाय आणि जे पुन्हा डेंगूच्या भागात जाणार आहेत, अशा चार वर्षांवरच्या लोकांसाठी तिचा विचार करा, इतकंच म्हटलंय. जर्मनीच्या समितीचं धोरणही साधारण हेच. म्हणजे लंडनच्याच नियमाने बघितलं तर तुमच्या घरात लशीला पात्र ठरतो तो एकटा त्यांचा भाऊ.

असा नियम का झाला, त्यामागे एक कडू अनुभव आहे. डेंगूची पहिली लस डेंगव्हॅक्सिया. २०१५च्या डिसेंबरात मेक्सिकोने तिला सर्वांत आधी परवाना दिला. २०१६ मध्ये फिलिपिन्सने ती शाळकरी मुलांना द्यायला सुरुवात केली आणि आठ लाखांहून जास्त मुलांना ती दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं, की ज्यांना आधी डेंगू झालेला नाही त्यांच्यात ही लस घेतल्यावर पुढे गंभीर डेंगूचा धोका वाढू शकतो. लस म्हणजे त्यांच्या शरीरासाठी पहिली खेप ठरली होती आणि नंतर डासाने दिलेला डेंगू दुसरी. तिथला कार्यक्रम बंद पडला, आईबापांचा सगळ्याच लशींवरचा विश्वास डळमळला. तेव्हापासून डेंगूची कुठलीही लस म्हटली की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "आधी झालाय का?"

क्यूडेंगा ही वेगळी आणि जास्त चांगली लस आहे. जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची, तीन महिन्यांच्या अंतराने दोन डोस. आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या आठ देशांत सुमारे वीस हजार मुलांवर तिची मोठी चाचणी झाली. पहिल्या वर्षी डेंगूपासून सुमारे ८० टक्के बचाव दिसला. साडेचार वर्षांनी एकूण डेंगूपासून ६१ टक्के, आणि दवाखान्यात भरती व्हावं लागेल अशा डेंगूपासून ८४ टक्के. हे आकडे मला आवडतात, विशेषतः शेवटचा. पण त्यातही एक खाच आहे: ज्या मुलांना आधी कधीच डेंगू झाला नव्हता, त्यांच्यात तिसऱ्या प्रकाराविरुद्ध फायदा दिसला नाही, आणि चौथ्याबद्दल ठाम काही म्हणावं इतके रुग्णच चाचणीत नव्हते. जागतिक आरोग्य संघटना ही लस सुचवते ती मुख्यतः डेंगूचा फार जोर असलेल्या भागातल्या ६ ते १६ वयाच्या मुलांसाठी. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, आणि स्टेरॉइड, केमोथेरपी किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती दबलेल्या लोकांना ती देत नाहीत. साठीच्या पुढच्यांबद्दलचा अनुभव तोकडा आहे, म्हणून सासूबाईंसाठी मी ती स्वतःहून सुचवणार नाही.

राहिला एजंटचा सल्ला. इंडोनेशियाने ऑगस्ट २०२२ मध्ये या लशीला परवाना दिला, जगात सर्वांत आधी, त्यामुळे तिथे ती मिळते हे खरं. पण आठ दिवसांच्या सहलीत उतरल्यावर घेतलेला डोस त्या सहलीच्या काय कामाचा? संरक्षण उभं राहायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे तोवर तुम्ही घरी पोचून धुणी धुऊन मोकळ्या. दुसऱ्या डोससाठी तीन महिन्यांनी पुन्हा बाली गाठायची, कारण २०२५ अखेरपर्यंत तरी भारतात डेंगूची कुठलीही लस सर्वसाधारण वापरासाठी बाजारात आलेली नव्हती. वर लशीने काही जणांना थोडा ताप येतो, आणि परक्या देशात, डेंगूच्या हंगामात, "हा ताप लशीचा की डासाचा" हे कोडं सुट्टीत कशाला सोडवत बसायचं? आपल्याकडे एका डोसच्या देशी लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकपासून सुरू झाली; आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेक मिळून दहा हजारांवर प्रौढांवर ती करतायत. क्यूडेंगा भारतात बनवण्यासाठी हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीचा करारही झालाय. म्हणजे हा प्रश्न कायम असाच राहणार नाही.

मग यजमानांनी काय करायचं? आधी जुनी फाइल काढा. "डेंगू झाला होता" या वाक्यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही, आणि त्यात पेशंटचा दोष नसतो. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात ताप आला, प्लेटलेट लाखाखाली गेल्या, की घरात, शेजारात आणि पुष्कळदा दवाखान्यातही त्याला डेंगूच म्हणतात. प्लेटलेट तर साध्या व्हायरल तापातही उतरतात, मलेरियातही. फाइलमध्ये एनएस-१ एलायझा, म्हणजे विषाणूचं प्रथिनच पकडणारी रक्ततपासणी, पॉझिटिव्ह दिसली तर मानायचं. पाचव्या दिवसानंतरची आयजीएम (ताज्या अँटिबॉडींची) एलायझा पॉझिटिव्ह असेल तरी बहुतांशी मानायचं. नुसती पट्टीवरची झटपट चाचणी असेल तर शंकेला जागा ठेवायची. आणि उलटही खरं: ज्यांना कधी झालाच नाही असं वाटतं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना नकळत होऊन गेलेला असतो. आयसीएमआरने २०१७-१८ मध्ये देशभर रक्त तपासलं तेव्हा ५ ते ४५ वयातल्या जवळपास निम्म्या लोकांत, ४८.७ टक्क्यांत, जुन्या डेंगूच्या खुणा सापडल्या. सासूबाईंचा जन्म ग्वाल्हेरात गेला असेल तर त्यांना कधीच झाला नसेल असं मी पैजेवर म्हणणार नाही. इंग्रजीत प्रवाशांसाठी लिहिलेले सल्ले वाचताना हे ध्यानात असू द्या. ते बहुधा डेंगू कधी न पाहिलेल्या माणसाला समोर ठेवून लिहिलेले असतात.

"मग सगळ्यांची आयजीजी, म्हणजे जुन्या डेंगूच्या खुणा शोधणारी रक्ततपासणी, करून घेऊ का?" हा पुढचा प्रश्न येतोच. या सहलीसाठी नको. निकाल काहीही आला तरी तुम्ही करणार तेच, डासांपासून बचाव. शिवाय जपानी मेंदूज्वराची लस घेतलेल्यांत ही चाचणी फसवी पॉझिटिव्ह येऊ शकते. यजमानांना नोकरीधंद्यासाठी दरवर्षी इंडोनेशिया, थायलंड, ब्राझील अशा ठिकाणी जावं लागत असेल, आणि जुना डेंगू कागदावर पक्का असेल, तर मात्र त्यांनी तीन महिन्यांचं अंतर धरून दोन्ही डोसचा बेत आखावा. तो खर्च मला सार्थ वाटतो. एकदाच जाऊन येणार असतील तर निर्णय त्यांच्यावर सोडतो.

आता खरं काम. जानेवारीत आपल्याकडे थंडीने डास जवळपास गायब झालेले असतात आणि माणूस त्यांना विसरलेला असतो. बालीत तेव्हा पावसाळा चालू असतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च. तुम्ही डेंगूचा हंगाम संपलेल्या शहरातून ऐन हंगामात उतरणार आहात. डेंगू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यावरचे दोन-तीन तास आणि सूर्यास्ताआधीचे दोन-तीन तास त्याचे सगळ्यात जोराचे. म्हणजे नाश्त्याची वेळ आणि समुद्रावर सूर्यास्त बघायची वेळ. तो खालून, टेबलाच्या सावलीतून, घोट्यांना चावतो आणि बऱ्याचदा कळतही नाही. रात्रीची मच्छरदाणी त्याच्यापुढे फारशी कामाची नाही, दुपारी झोपणाऱ्या मुलासाठी मात्र आहे.

डासांना दूर ठेवणारा रिपेलंट अंगाला लावायचा तो डीट २० ते ३० टक्के किंवा पिकारिडिन २० टक्के. आपल्या साध्या क्रीमची ताकद कमी असते आणि ती लवकर उतरते, म्हणून बालीसाठी हे वेगळे घ्या. (डीटला पर्याय म्हणून डेपा नावाचं रसायन आपल्याच ग्वाल्हेरच्या डीआरडीईने काढलं, हे गावात फार थोड्यांना ठाऊक असतं.) मुलालाही ३० टक्क्यांपर्यंतचा डीट चालतो, फक्त त्याच्या हाताला लावू नका, कारण हात तोंडात जातात, आणि फवारा थेट चेहऱ्यावर नको, आधी आपल्या तळहातावर घेऊन मग पुसा. सनस्क्रीन आधी, रिपेलंट वर. पोहून आल्यावर पुन्हा. घोटे आणि पायांची मागची बाजू हमखास राहून जाते. पायजम्यासारखी सैल, फिकी, लांब विजार नाश्त्याला आणि संध्याकाळी घातली तर निम्मं काम होतं. मनगटी पट्टे, आवाजाने डास पळवणारी यंत्रं, व्हिटॅमिन बी-१च्या गोळ्या: पैसे वाचवा.

हॉटेलबद्दल एक मत सांगतो. उघड्या न्हाणीघराचे व्हिला फोटोत सुंदर दिसतात. मूल आणि म्हातारं माणूस सोबत असताना मी एसी आणि जाळीच्या खिडक्यांची साधी खोली घेईन. क्लोरीनच्या तलावात डास होत नाहीत, पण झाडांच्या कुंड्यांखालच्या बशा, बांबूची कापलेली बुंधं आणि पाण्यात फुलं सोडलेली दगडी भांडी यांत होतात. पोचल्यावर खोलीभोवती एक फेरी मारा आणि पाणी ओतून टाकायला सांगा. इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या बेटांवर पुढे जाणार असाल तर मलेरियाचा विषय वेगळा निघतो, त्यासाठी निघण्याआधी डॉक्टरांना भेटाच.

चावल्यापासून ताप यायला साधारण चार ते दहा दिवस लागतात, क्वचित चौदा. आठ दिवसांची सहल धरली तर ताप तिथे येण्याइतकीच, किंबहुना जास्त, शक्यता परतल्यावर घरी येण्याची. आणि इथे मोठा घोळ होतो. जानेवारीत ग्वाल्हेरात तापाचा पेशंट आला तर डॉक्टरच्या मनात फ्लू येतो, टायफॉइड येतो. डेंगू येत नाही, त्याचा हंगाम कधीच संपलेला असतो. म्हणून परतल्यापासून दोन आठवड्यांत कोणालाही ताप आला तर दवाखान्यात पहिलं वाक्य "आम्ही बालीहून आलोय" हेच असू द्या. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), त्यासोबत मलेरियाची तपासणी. तापाच्या त्या पहिल्या आठवड्यात आजाऱ्याला इथेही डास चावू देऊ नका, नाहीतर बालीचा प्रकार आपल्या गल्लीत रुजायचा.

तापावर फक्त पॅरासिटामॉल. मोठ्यांना ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम सहा तासांनी, मुलाला वजनाप्रमाणे: किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नाइमसुलाइड नको. आणि लक्षात घ्या, आपल्या घराघरांत असलेल्या कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन असतंच. प्रवासाच्या औषधांच्या पिशवीतून ती आधी बाहेर काढा. पाणी, ताक, ओआरएस, भाताची पेज, नारळपाणी भरपूर. पपईच्या पानांचा रस आणि बकरीचं दूध यांचं दर हंगामात जे पेव फुटतं, त्यावर मी वाद घालणं सोडलंय. त्यापायी पाणी पिणं आणि तपासणी मागे पडू नये, एवढंच सांगतो.

ताप उतरला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि डेंगूचा धोका नेमका तेव्हा सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरताना, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं. ते २४ ते ४८ तास निर्णायक. पोटात जोराची कळ, थांबत नाही अशी उलटी, हिरड्या-नाकातून रक्त, कमालीची मरगळ किंवा मुलाची विचित्र चिडचिड, हातपाय गार, लघवी कमी: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता भरती. प्लेटलेटच्या आकड्याकडे सगळं घर डोळे लावून बसतं. मी त्याच्याइतकाच हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, बघतो. तो चढत चाललाय म्हणजे रक्त दाटतंय. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांवर असताना त्या चढवायची सहसा गरज नसते.

सहलीत ताप आलाच तर लोक एकच गोष्ट करायला बघतात: तिकीट बदलून घरी पळणं. भावना समजते. पण तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी बालीतल्या देनपासारहून दिल्ली आणि तिथून ग्वाल्हेर, विमानात ना सलाइन ना रक्ततपासणी, हा मला मान्य नसलेला प्रवास आहे. तिथेच भरती व्हा. यासाठी प्रवास विमा घेताना दवाखान्याचा खर्च थेट कंपनी भरेल अशी पॉलिसी घ्या, आणि सासूबाईंचं बीपी व हृदयाचा आजार अर्जात स्पष्ट लिहा; लपवलेल्या आजाराने दावा अडकतो.

सासूबाईंच्या ॲस्पिरिनबद्दल. डासाच्या भीतीने ती आधीच बंद करू नका, हृदयासाठी दिलेली आहे. ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना गोळीचं नाव दाखवा. थांबवायची की नाही हे प्लेटलेट आणि हृदयाची स्थिती बघून ते ठरवतील. त्यांची औषधं, मात्रा आणि आजार एका कागदावर इंग्रजीत लिहून त्यांच्या पर्समध्ये ठेवा, तुमच्या नको.

शेवटचं नणंदबाईंसाठी. लंडनला वाढलेल्या त्यांच्या मुलांना डेंगू बहुधा कधीच झालेला नसणार, आणि दिवाळीला ती ग्वाल्हेरला येत असतील तर ऐन हंगामात येतात. २०२३ मध्ये भारतात डेंगूचे २ लाख ८९ हजारांवर रुग्ण नोंदले गेले. बालीची भीती घालताना माहेराचा हिशेब त्यांनी धरलेला दिसत नाही. त्या यायच्या आधी तिघरा धरणाचं नळाला येणारं पाणी साठवलेल्या टाक्यांची झाकणं बघा, आणि कूलर बंद केलात तेव्हाच त्याची टाकी रिकामी करून कडा ब्रशने खरवडून घ्या. नुसतं पाणी काढून भागत नाही. एडिसची अंडी कोरड्या कडेला चिकटून कित्येक महिने टिकतात आणि पुढच्या पाण्यात फुटतात.